जुनं पित्त

भाऊमामाच्या ओकाऱ्यांवर जोगेश्वरीच्या आमच्या चाळीतली निम्मी घड्याळं लागलेली असत. सकाळी नळाला पाणी आलं की तो तांब्याभर कोमट मिठाचं पाणी घटाघट प्यायचा, मोरीत उकिडवा बसायचा आणि दोन बोटं घशात घालून पित्त पाडायचा. आवाज असा, की पलीकडच्या खोलीतलं तान्हं पोर दचकून रडत उठावं. चाळीने त्याचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. गिरणीचा भोंगा संपात बंद पडला तो पडलाच, हा मात्र बंद पडायचं नाव घेत नाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत आणि तो पंच्याने तोंड पुसत हसे. "घर रोज झाडतास मा? मगे पोट कित्याक नको झाडूक?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. चाळीतले निम्मे पुरुष गुपचूप तेच करत. फक्त त्यांचा आवाज बाहेर येत नव्हता.

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. आमच्यापासून दोन खोल्या सोडून तो आणि मामी राहत. मूलबाळ नव्हतं, म्हणून आम्ही भावंडं त्यांचीच. उभं तारुण्य त्याने गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलं आणि गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्रिल मशीनवर उभा राहायला लागला. उभं राहणं काही सुटलं नाही. आमचं गाव राजापूरकडचं, देवगडच्या हद्दीला लागून, त्यामुळे त्याची बोली अर्धी मालवणी होती आणि मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्याने ती पुसू दिली नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या तरी तो त्यांच्याशी तसाच बोलायचा, आणि त्यांना निम्मं कळलं नाही तरी त्या त्याच्यावर खूश असत.

मामाच्या मते जगात दुखणं एकच, पित्त. डोकं दुखलं, पित्त. झोप आली नाही, पित्त. मामी रागावली की तिला आलेपाकाची वडी द्यायचा, पित्त खवळलं म्हणून. संप का मिटला नाही, असं कोणी विचारलं तर सांगायचा, मालकांचं पित्त कधी पाडलंच नाही, कसा मिटणार? आम्ही हसायचो. आता आठवून हसू येत नाही. माणसाने एकाच शब्दात सगळी दुखणी कोंबली की त्यातलं कुठलं जिवावरचं आहे, हे ओळखायचं कसं?

बढाई मारायची त्याला सवय नव्हती, एक पालखी सोडून. शिमग्यात आमच्या गावची पालखी घरोघर जाते आणि अंगणाअंगणात नाचवतात. तिचा पुढचा उजवा खांदा आमच्या आजोळच्या घराचा, म्हणजे घरातल्या थोरल्याचा. त्याचे नियम कडक. ज्या दिवशी पालखी आपल्या वाडीत असेल त्या दिवशी खांदेकऱ्याने सकाळपासून अन्नाला शिवायचं नाही. संध्याकाळी पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या ओट्यावर, टेकली की मगच जेवायचं. चालतो तो कोरा चहा. आणि दुसरा नियम असा, की एक वर्ष जरी खांदा चुकला तरी मान धाकट्याकडे जातो आणि परत येत नाही. धाकटा म्हणजे शांताराम. तो गावीच असायचा, आडव्या हाडाचा, स्वभावाने गरीब, मामावर जीव टाकणारा. "शांताराम माझो भाव, पण खांदो माझो," मामा म्हणायचा. माघ लागला की रेशनच्या तांदळाची गोण उजव्या खांद्यावर घेऊन तो गॅलरीत फेऱ्या मारी आणि बायका आपापली वाळवणं उचलून त्याला वाट करून देत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्याचा उजवा गुडघा सुजला. इतका, की धोतर नेसताना मामीला हात द्यावा लागे. स्टेशनच्या रस्त्यावर आमचे नेहमीचे डॉक्टर होते. मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठी लगेच त्याच्या हातात न देता आपल्याच हातात धरून ठेवली.

"हे बघा, ही गोळी सूज उतरवते, पण पोटाचं आतलं अस्तर खाते. पाच दिवस घ्यायची, तीही भरल्या पोटी. जळजळ झाली तर बंद करायची आणि माझ्याकडे यायचं. आणि ते घशात बोटं घालणं आधी थांबवा."

मामाने मान डोलावली. पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "गोळी पोटाक खाता म्हणे. आता मी गोळी खातंय काय गोळी माका खाता, ता बघूया." घरी येऊन ही कोटी त्याने गॅलरीभर ऐकवली. बोटं घालण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. त्याच्या मते डॉक्टर हुशार होता, फक्त त्याला पित्तातलं कळत नव्हतं.

गोळी तांबडी होती आणि तिने जादू केली. दोन दिवसांत सूज उतरली, तिसऱ्या दिवशी मामा गॅलरीत दोन पावलं नाचला. पाच दिवस संपले आणि गोळ्या मात्र संपल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तीच चिठ्ठी दाखवायची आणि पाकीट घ्यायचं. पुढे पुढे तर चिठ्ठीही लागेना, मामा दुकानासमोर उभा राहिला की पाकीट बाहेर येई. तिकडे साकीनाक्याला कारखान्यात शेठच्या टेबलाच्या खणात पिवळ्या कॅप्सूल असत. कोणाची कंबर धरली, कोणाचा हात भरून आला, की एक घ्यायची आणि मशीनवर उभं राहायचं. शेठ त्याला कामगारांची काळजी म्हणे. मामा सकाळी आपली तांबडी घेई आणि दुपारी शेठची पिवळी. तांबडी गुडघ्याची, पिवळी कंबरेची, असा त्याचा हिशेब. दोन्ही एकाच जातीच्या आहेत, एकाच जागी घाव घालतात, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि विचारावं असं त्याला वाटलं नाही.

मग पोटात आग पडायला लागली. रात्री, दुपारी, कधीही. तो गार दूध प्यायचा, आग निवायची आणि त्याचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा, की हे पित्तच. मिठाचं पाणी एक तांब्या होतं ते दोन झालं. एकदा मामीने माझ्या आईला हळूच सांगितलं, की यांना शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. मामाला विचारलं तर म्हणाला, काल काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं ना, मग काळं नाही तर काय पांढरं होणार? आईला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, आमच्या घरात ते सांबारं आठवड्यातून दोनदा तरी होई. पण ज्या आठवड्यात झालं नाही, त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही.

त्याचा रंग उतरत चालला होता. कातडीखालून कोणीतरी दिवा मालवल्यासारखा तो दिसायचा. आमच्या चाळीकडे यायला एक चढ आहे. तो चढताना मामा आता मध्ये थांबायचा, कुंपणाला हात टेकायचा आणि कोणी पाहतंय असं वाटलं की चपलेचा अंगठा नीट करायचा. तांदळाची गोण मात्र सुटली नाही. गोण खांद्यावर असताना तो लंगडत नसे, हे तर सगळ्यांना दिसत होतं. म्हणून सगळे म्हणत, भोंग्याची तब्येत झकास आहे.

माघ सरता सरता एका सकाळी मी पिंपात पाणी भरत होते आणि मामाने मोरीतून हाक मारली. मामीलाही बोलावलं. मोरीच्या फरशीवर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी पडलं होतं, काळपट, कणीदार. मामाच्या डोळ्यांत ओकाऱ्यांनी पाणी आलेलं, पण चेहऱ्यावर असा आनंद, की जणू काही त्याने विहिरीतून हरवलेली कळशी वर काढली होती.

"बघ गो, जुना पित्त," तो म्हणाला. "गिरणीतला. आता सुटलंय मी."

मी ऑफिसला न जाता तडक डॉक्टरांकडे गेले आणि पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ते पित्त नाही, ते रक्त आहे, पोटात काळं पडलेलं. गोळ्या या घटकेपासून बंद. आजच्या आज माणूस घेऊन ये, मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो.

मी धावत घरी आले. मामा कामावर निघायच्या तयारीत होता. मी सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं, मग मला गॅलरीच्या टोकाला नेलं, जिथे कोणी नव्हतं. त्याचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"डॉक्टर माका बसवतलो. मी एक वर्स बसलंय की खांदो गेलो. मगे गावाक काय म्हणान जाव? पावणो म्हणान?"

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. गिरणी गेली होती, मूल नव्हतं, भाड्याची खोली होती, साकीनाक्याला तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. जगात एक जागा अशी होती जिथे त्याच्यावाचून अडत होतं. तीच सोड असं मी त्याला सांगत होते. तरी सांगितलं. पालखी तुझ्यावाचून नाचेल मामा, आमचं नाही चालणार, असंही म्हणाले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, बरं, गोळ्या बंद, दवाखाना शिमग्यानंतर. ओढून नेता येईल असा माणूस नव्हता तो. आईने भांडून पाहिलं, मामी दोन दिवस जेवली नाही. उपयोग झाला नाही.

गोळ्या मात्र त्याने खरंच बंद केल्या. पाकीट माझ्यासमोर मामीच्या हातात दिलं. आठवडाभरात गुडघा पुन्हा टरटरून सुजला, तो भिंत धरून चालायला लागला, आणि खोटं कशाला सांगू, त्याला लंगडताना पाहून मला बरं वाटायचं. वाटायचं, आता आपोआपच राहील. चेहऱ्यावर जरा लालीही आल्यासारखी दिसायची. मग आम्ही गावी जायला बोरिवलीच्या स्टँडवर गेलो. मी रजा काढून मुद्दाम बरोबर निघाले होते. मामा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन माझ्यापुढे झपझप चालत होता, ताठ, सरळ. तो लंगडत नव्हता. तेव्हाच मला काय ते कळलं. मी गाडीत त्याचे खिसे तपासले, पिशव्या उलट्यापालट्या केल्या. काही सापडलं नाही. तो खिडकीबाहेर पाहत बसला होता.

पालखी आमच्या वाडीत आली त्या दिवशी मामी पहाटेच भात घेऊन त्याच्यामागे लागली. चार घास खा, देव काही म्हणणार नाही. त्याने ताटाला हात लावून नमस्कार केला आणि कोरा चहा मागितला. ढोल वाजायला लागले. पुढच्या उजव्या दांडीखाली खांदा देऊन मामा उभा राहिला, आणि मी सांगते, त्या माणसासारखं पालखी नाचवणं मी पुन्हा पाहिलं नाही. दांडी त्याच्या खांद्यावरून मानेवर, मानेवरून दुसऱ्या खांद्यावर फुलाच्या परडीसारखी फिरत होती. बाकीचे तिघे त्याच्या पावलावर पाऊल टाकत होते. म्हातारे लोक म्हणाले, अशी पालखी बऱ्याच वर्षांत नाचली नाही. त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. मी एका अंगणात त्याला पाणी द्यायला गेले तर हात बर्फासारखा गार लागला. मी म्हटलं, मामा, सोड आता. त्याने मान हलवली आणि पुढच्या अंगणाकडे वळला.

दिवस मावळताना पालखी सहाणेवर टेकली. मामाने वाकून नमस्कार केला, सगळ्यांकडे पाहून हसला आणि घरी येऊन मागल्या दारी गेला. थोड्या वेळाने मामीची हाक आली. तो गवताच्या उडवीला पाठ लावून बसला होता आणि समोरची माती लाल होती. या वेळी त्याने घशात बोटं घातली नव्हती.

वाडीपासून रस्ता खाली, खूप खाली. शांतारामाने खुर्चीला बांबू बांधले आणि दिवसभर पालखीखाली असलेल्याच माणसांनी त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं. खाली कोणाची तरी जीप मिळाली. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने एवढंच विचारलं, "पालखी नीट बसली मा?" मी हो म्हटलं.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. नाडी धरून त्यांनी घाईघाईने विचारलं, कुठलं औषध चालू होतं का? मामी पदराने तोंड पुसून म्हणाली, "औषध कसला? तेंका कधी औषध लागला नाय. फक्त ती गुडघ्याची गोळी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तांबडी, पिवळी, किती महिने, उपाशीपोटी. ते ऐकून त्यांनी मामाच्या हातावरची पकड सैल केली नाही, पण खालच्या आवाजात म्हणाले, जठराला व्रण पडून रक्तस्राव होतोय आणि इथे चढवायला रक्त नाही. मोठ्या गावाला न्यायला गाडी बोलावली. गाडी यायच्या आत मामा गेला.

एक वर्ष पालखी आमच्या दारात आली नाही, घरात दुखवटा होता. त्याच्या पुढच्या शिमग्याला आली. पुढचा उजवा खांदा आता शांतारामाचा. ओटी शांतारामाच्या बायकोने भरली. मामी माजघराच्या दाराआड उभी होती, विधवा बाई म्हणून पुढे आली नव्हती. मी तिच्याजवळ होते. पालखी अंगणात टेकलेली, ढोलवाले घाम पुसत होते, आणि शांताराम उठायला गेला तेव्हा त्याने गुडघ्यावर हात दिला. एवढंच. बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नसेल.

मामी आत वळली. चुलीवरच्या तपेलीतला भात ताटात काढला, वर आमटी ओतली आणि ती सरळ अंगणात गेली, सगळ्या गावासमोर. ताट तिने देवापुढे ठेवलं नाही. शांतारामापुढे ठेवलं.

"भावजी, आधी जेवा."

"वैनी, देव खोळंबलोहा," तो खाली मान घालून म्हणाला. मानकऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, बाईला आत न्या.

"देवाक मी सांगतंय," मामी म्हणाली. "माझो माणूस उपाशी नाचलो. आता माझ्या दारात कोणी उपाशी नाचूचा नाय. बसा."

शांतारामाने एकदा पालखीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग तो मांडी घालून बसला. बसताना त्याने कनवटीची एक कागदाची पुडी काढून ताटाच्या कडेला ठेवली, कोणाकडे न बघता, आणि जेवायला लागला. मामीने ती पुडी उचलली, उघडून पाहिली. आत तांबड्या गोळ्या होत्या. तिने ती मुठीत घट्ट धरली आणि विचारलं, आणखी भात आणू का?